तोंडातली लवंग

गायत्रीने पेढे आणले होते. तिला दिवस गेले होते. ड्यूटी लागायच्या आधी आम्ही सगळ्या नर्सा टेबलाभोवती उभ्या होतो आणि ती एकेकीच्या हातावर पेढा ठेवत होती. शैलाताईंनी, म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टरनी, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, उद्यापासून गायत्री किमोच्या वॉर्डात पाय ठेवणार नाही. तिची ड्यूटी खाली ओपीडीत. त्या औषधांचा वाससुद्धा नको पोटातल्या लेकराला.

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

प्रज्ञा माझ्या बाजूला उभी होती. आमच्याच वस्तीतली पोर, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिलाही दिवस गेले होते. तिने ते फक्त मला सांगितलं होतं, आणि तिला न विचारता मी ते तिथे बोलून गेले.

"ताई, प्रज्ञालेही दिवस गेले. तिलेही आतून काढा."

आत म्हणजे मिक्सिंगची खोली. किमोची औषधं जिथे कालवून सलाईनमध्ये भरतात ती. शैलाताईंनी पेढ्याचा तुकडा तोडला, तोंडात टाकला. रागावल्या नाहीत. उलट हसूनच बोलल्या.

"तुमच्या बाया सातव्या महिन्यातही पराटीवर फवारा मारतात. त्याइले झालं काई कधी? तुमच्या अंगाले सवय आहे बाई. गायत्रीचं तसं नाही."

कुणीतरी हसलं. गायत्रीही हसली, पण खाली बघून. प्रज्ञाने हातातला पेढा टेबलावर ठेवून दिला.

मी माझा खाल्ला.

हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे माझ्या रागाला कुणी फार मोठं समजणार नाही. त्या वाक्यावर मी पेढा खाल्ला, साखर लागलेलं बोट चाटलं आणि ड्यूटीवर गेले.

सवय. मोताळ्याकडच्या एका खेड्यात माझी आई दुसऱ्याच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, फवारणीला जायची. पंप गड्याच्या पाठीवर, आई डोक्यावरून पाणी आणणार आणि काठीने औषध ढवळून पंपात भरणार. घरी आली की आधी उकिरड्याच्या बाजूला बसून ओकायची. मग अंगावर पाणी घ्यायची, आणि मग बाजेवर पडून राहायची. माझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर तिचं एक राहिलं नाही. कुणी विचारलं नाही काऊन. तिच्या अंगाला सवय नव्हती. तिच्याकडे दुसरं काम नव्हतं. त्या मालकाच्या घरी याला सवय म्हणत असतील, आणि शैलाताई तशाच एका घरच्या. पन्नास एकराच्या.

त्या वासातून मला काढायचं म्हणून आईने शिकवलं. मी नर्स झाले. मलकापुरात, रेल्वेच्या गावात, एका खाजगी दवाखान्यात लागले. पहिल्या सुट्टीला पांढरे कपडे घालूनच घरी गेले होते. आई माझा हात नाकाशी नेऊन हुंगत राहिली. स्पिरिटचा वास होता. तिला तो अत्तरासारखा वाटला.

आमच्या दवाखान्यात कॅन्सरचे डॉक्टर बाहेरून येतात, गुरुवारी. किमोचा दिवस तोच. सुरुवातीला मिक्सिंग शैलाताई स्वतः करायच्या. मागच्या बाजूला संडासाला लागून एक खोली, एक टेबल, एक खिडकी, डोक्यावर पंखा. पावडरीच्या कुपीत सुईने पाणी सोडायचं, कुपी हलवायची, औषध ओढून घ्यायचं. सुई बाहेर येताना आतला दाब फुस्सकन सुटतो आणि बारीक धूर उडतो. डोळ्याला दिसत नाही. जिभेला कळतो. पितळेचं भांडं चाटल्यासारखं तोंड होतं, आणि जेवण झालं तरी ते जात नाही. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. पंखा बंद करायची कुणाची छाती नाही. वरून पंखा आणि खाली आम्ही. जे उडेल ते तोंडावर.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. शैलाताईंना सरांनी, म्हणजे दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी, नागपूरला ट्रेनिंगला पाठवलं. त्या परत आल्या त्या दिवशी मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "पोरी, तुह्यासारखा हलका हात या दवाखान्यात कोणाचा नाही. आजपासून आतलं तूच पाहाय."

मी हवेत गेले. हलका हात. इतक्या महागाच्या औषधाचा थेंब वाया जाऊ न देणारा हात. आमच्या माणसांच्या हाताबद्दल असं कुणी बोललेलं मी ऐकलंच नव्हतं. आणि मग त्यांनी पदराच्या गाठीतून लवंग काढली आणि स्वतःच्या बोटांनी माझ्या तोंडात ठेवली. दाढेखाली धर म्हणाल्या. तोंड कडू होत नाही.

तेव्हापासून लवंग आली. आत जाणारी प्रत्येक पोर तोंडात लवंग धरून जाते. मी एकीला दिली, तिने दुसरीला दिली. टेबलाच्या कोपऱ्यात लवंगांची डबी असते, औषधाच्या कुपीशेजारी. बाहेरच्या पोरी चिडवायच्या, आतल्या आल्या वाटतं, मसाल्याचा वास आला. आम्हालाही हसू यायचं.

आतल्या आणि बाहेरच्या. ड्यूटी लावताना असंच म्हणतात. इतक्या वर्षांत आत गेलेल्या पोरी मी आता डोळ्यांपुढे आणते. एकजात आमच्या वस्त्यांतल्या. कधी कुणी जात काढली नाही. काढायची गरज पडली नाही.

आत काम लागल्यावर माझी दोन राहिली नाहीत. पहिलं तिसऱ्या महिन्यात. दुसरं जरा पुढे गेलं होतं, मी अंगडी शिवायला घेतली होती. त्यानंतर दिवसच गेले नाहीत. त्याच औषधाने गेली का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कोणता डॉक्टरही सांगणार नाही. माझ्या सासूने नजर लागली म्हणून सांगितलं, नवऱ्याने नशीब म्हणून सांगितलं. मी माझ्या शरीराला दोष दिला. दुसऱ्या कशावर संशय घ्यावा, एवढंही मला कुणी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळेला शैलाताई मला भेटायला घरी आल्या होत्या. आमच्या वस्तीत. त्यांचं लेकरू तेव्हा मांडीवरचं. ते माझ्या नणंदेकडे देऊन त्या माझ्या खाटेवर बसल्या, खणानारळाने माझी ओटी भरली, आमच्या कपात चहा प्यायल्या. माझा हात हातात घेऊन रडल्या. मोठ्या घरची बाई आमच्याकडे चहा प्यायली, हे मी किती वर्षं किती जणींना सांगितलं असेल. त्यांच्या विरोधात कुणी बोललं तर मी भांडायचे. त्या चहाच्या जोरावर.

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या भावाला घशाचा कॅन्सर निघाला. त्याला घेऊन मी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. किमोच्या वॉर्डाबाहेर बसलेले असताना समोर काच होती. काचेपलीकडे एक नर्स. पूर्ण हातांचा गाऊन, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात एकावर एक दोन हातमोजे. काचेची एक मोठी पेटी होती, आत हवा ओढून घेणारी, आणि तिचे दोन्ही हात त्या पेटीत. विंचू धरावा तशी ती कुपी धरत होती. कुपीत तेच लाल औषध. जे मी उघड्या हातांनी कालवते आणि सांडलं तर कापसाने पुसते.

ती बाहेर आली तेव्हा मी उठून उभी राहिले. मीही नर्स आहे म्हटलं. हेच काम करते. तिला बरं वाटलं. तुमच्याकडे काय काय घालता म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, हेच. माझी लाज मी अशी झाकली. तेवढ्यात तिला वास आला असावा. "तोंडात लवंग आहे का ताई?" म्हणाली. मग हसून म्हणाली, "आत जाताना टाकून देता ना? तोंडात काही असलं की ते औषधच पोटात जातं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हेच सांगतात."

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी.

भावाचं सलाईन संपेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. नागपूरचं ट्रेनिंग. परत आलेल्या शैलाताई. हलका हात. लवंग. सगळं एका रांगेत उभं राहत होतं आणि मी त्याला हाताने मागे ढकलत होते. त्यांना सांगितलं नसेल. त्या विसरल्या असतील. तेव्हाचं ट्रेनिंग वेगळं असेल. माणूस ज्याच्यावर जीव टाकतो, त्याच्या वतीने स्वतःशीच किती वकिली करतो.

आणि आता ते, जे सांगायला मला इतके महिने लागले.

परत आल्यावर मी शैलाताईंना काही विचारलं नाही. मेडिकलमधून हातमोजे घेतले, स्वतःच्या पैशाने. गुरुवारी एकावर एक दोन घालायला लागले. मास्कही लावला. कुणी विचारलं तर म्हणायचे, हाताले खाज सुटली, ॲलर्जी आहे. लवंग सोडली. आणि तोंड मिटून घेतलं. नोकरीची भीती होती. बोलले तर विचारतील, तुले कोणं सांगितलं, तू मोठी डॉक्टर झाली का. भावाचा इलाज चालू होता. अशी कारणं माझ्याकडे रग्गड होती.

प्रज्ञा त्याच दिवसांत आत आली. मीच शिकवलं तिला. माझ्या हातात हातमोजे, तिचे हात उघडे. हुशार पोर. तिने एकदा विचारलं, मीही घालू का. मी म्हटलं, तुला कुठे ॲलर्जी आहे. एका गुरुवारी ती टेबलाला धरून उभी राहिली.

"ताई, मले मळमळून राह्यलं."

माझ्या एका खिशात हातमोज्यांचा जास्तीचा जोड होता. दुसऱ्या खिशात जुनी लवंगांची पुडी. मी तिला लवंग दिली.

तिने ती दाढेखाली धरली आणि काम पुरं केलं. पुढच्या आठवड्यात मला सांगितलं की दिवस गेलेत.

पेढ्याच्या दिवशी दुपारी शैलाताई हात धूत होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले. विचारलं, "ताई, नागपूरच्या ट्रेनिंगमधे काय सांगितलं होतं तुम्हाले?"

त्यांनी नळ बंद केला नाही. म्हणाल्या, आता काय आठवते इतक्या वर्षांचं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी काय सांगितलं, तेवढंच सांगा. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग टॉवेलने एकेक बोट पुसत राहिल्या.

"माह्या पोटात तेव्हा लेकरू होतं," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंगमधे समजलं तसं मले झोप नाही आली. मी काय करायला पाहिजे होतं, सांग. सामान आणून देल्लं मी सरांले. गाऊन, हातमोजे, सगळं. सर म्हणे कपाटात ठेवा, तपासणीले कामी येईन. मंग? कोणाले तरी आत जावंच लागते ना."

"मंग मी."

"तुह्या हात खरंच हलका होता," त्या म्हणाल्या. आणि मला वाटतं त्या वेळी त्यांना रडू येत होतं.

त्यांचं ते लेकरू आता नववीत आहे. मी त्याला खेळवलं आहे. माझ्या खाटेवर बसून त्या रडल्या तेव्हा त्यांना माहीत होतं. माझी ओटी भरताना माहीत होतं. चहा पिताना माहीत होतं. त्या दुःखाने रडल्या की भीतीने, हे मला आता जाणून घ्यायचं नाही. एवढं कळलं की ते रडणं माझ्यासाठी नव्हतं.

त्यांना शिव्या द्याव्या असं फार वाटलं. तोंडापर्यंत आल्या. आणि माझ्या खिशातले हातमोजे माझ्याच मांडीला लागले. त्यांना जातीचा आधार होता, पन्नास एकराचा होता. मला कशाचा होता? मी तर आमच्याच पोरीला आत उभं केलं. त्यांनी मला जे केलं ते शब्दाला शब्द मी प्रज्ञाला केलं. लवंगेसकट.

गुरुवारी कपडे बदलायच्या खोलीत मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. नागपूर, काच, ॲलर्जीची थाप, आरशासमोरचं बोलणं. ती बाकावर बसून ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, मी तिला जवळ घेईन. किती सोपं असतं असं वाटून घेणं.

ती म्हणाली, "तुमच्या खिशात हातमोजे होते, ताई. अन् मले लवंग देल्ली."

एवढंच. नंतर तिने बुटाची नाडी बांधली.

मी म्हटलं, आज तू आत जायचं नाही. ती म्हणाली, मी तशीही जाणार नव्हते, तुम्ही सांगायची वाट नाही पाहून राह्यले मी. आणि ती खाली गायत्रीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ओपीडीत. कुणाला न विचारता.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. शैलाताई तिथेच होत्या. मी सांगितलं, आत कुणी जाणार नाही. कपाट उघडा. सर चांगल्या आवाजातच बोलले. त्यांचा आवाज नेहमी चांगला असतो. "सिस्टर, बाहेर संग्रामपूरहून, कुठून कुठून पेशंट येऊन बसलेत. गरीब लोक आहेत, तुमचेच लोक आहेत. त्यांचा डोस चुकला तर जबाबदारी कोणाची?"

याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. कारण ते खरं होतं. डोस चुकवून चालत नाही. बाहेर बसलेल्या बायकांच्या शिरा मी शोधलेल्या आहेत, मला त्यांची नावं माहीत आहेत. सर माझ्यासमोर त्यांना ढालीसारखं धरत होते.

मी म्हटलं, "डोस चुकणार नाही. कपाटाची किल्ली द्या."

कपाट उघडलं. गाऊन पिवळे पडले होते. हातमोज्यांचा डबा तसाच बंद. मी एक जोड ओढला तर चार एकदम आले. रबर वितळून एकमेकांना चिकटलं होतं. मी बोट घातलं आणि तो फाटला. दुसरा फाटला. तिसराही. पंधरा वर्षं ते आमच्यासाठी आणलेले होते. आमच्या अंगाला एकदाही लागले नाहीत. मी एकेक काढून सरांच्या टेबलावर ठेवत गेले. शैलाताई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

मग मी बाहेर गेले आणि पेशंटना सांगितलं की आज थोडा वेळ लागेल, नवं सामान यायचं आहे. एका म्हातारीने विचारलं, काऊन, आमची दवाई जहर आहे का? मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, तुमच्या आजारासाठी ते औषधच आहे, आजी, ते सोडू नका. पण ज्याले आजार नाही त्याच्या अंगात दर गुरुवारी थोडं थोडं गेलं, तर ते औषध राहत नाही. ती माझे हात पाहत होती. नखं काळी पडली आहेत माझी. म्हणाली, "मंग तू इतके दिवस उघड्या हातानं देत होती, बाई?"

मी हो म्हटलं.

सरांना मेडिकलमधून मागवावं लागलेलं सामान आलं. नवे हातमोजे, गाऊन, मास्क, चष्मा. पंखा बंद केला, लवंगांची डबी फेकली आणि त्या दिवसाचं मिक्सिंग मी केलं. घामाने न्हाले. हे पुरेसं नाही हेही मला माहीत आहे. हवा ओढणारी ती काचेची पेटी यायची आहे. सर म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका, आणा. तेव्हापासून मला काढायचं बोलणं चालू आहे, असं खालच्या पोरी सांगतात. काढू देत. मी हे लिहिलं आहे ते काढण्याच्या आधी.

प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं बोलते. तिला पाचवा लागला. मी तिची माफी मागितलेली नाही, कारण माफी मागितली की ती द्यायचं ओझं तिच्यावर. जे तिच्या पोटात गेलं ते माझ्या शब्दाने बाहेर येणार नाही. लेकरू धड झालं तरी मी सुटले असं समजणार नाही.

आत येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी आता आधी तोंड उघडायला लावते. जिभेखाली, दाढेखाली बघते. मग हातमोजे घालते तिच्या हातात, दोन दोन. गुरुवारच्या पाळीचा कागद आता मीच लिहून लावते, कुणाला न विचारता, आणि आतल्या-बाहेरच्या मी संपवल्या आहेत. जिच्या पोटात लेकरू आहे किंवा अंगावर पितं आहे ती सोडून सगळ्यांची पाळी लागणार. आडनाव बघून नाही.

येत्या गुरुवारची पाळी शैलाताईंची आहे. मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांच्या मापाचा गाऊन मी धुऊन, घडी करून टेबलावर ठेवला आहे. त्याच्या बाजूला दुसरा, मोठ्या मापाचा. त्या आल्या नाहीत तर तो सरांनी घालावा.

मी दारात उभी राहणार आहे. त्यांची लवंग मीच काढून घेईन.